छातीवर ठेवलेले हात

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. लग्नसराई सुरू होती आणि माझ्यासमोर गादीवर उमरेडच्या एका दुकानदारासाठी पंचवीस-तीस साड्या उघडून पडल्या होत्या. ती म्हणाली, "काका, आई गेली. दीड तास झाला." मग म्हणाली, "मी काहीच केलं नाही." मी "येतो" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेल्या साड्या दाखवल्या. गिऱ्हाइकाला आवडलेल्या बाजूला काढल्या, बाकीच्यांच्या घड्या घातल्या, मग निघालो. यात मिरवण्यासारखं काही नाही आणि लपवण्यासारखंही नाही. बातमी कसलीही आली तरी माझे हात आधी समोरचं काम संपवतात, एवढंच. स्कूटरवर बसल्यावर मात्र तिचं ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. कुंदा रामटेके या आयसीयूतल्या नर्सनं, आमच्या सिस्टरांनी, निवृत्तीनंतरची अकरा वर्षं, माणसाचं हृदय बंद पडलं तर आजूबाजूच्यांनी काय करायचं, हे लोकांना शिकवण्यात घालवली. मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकलेली, स्वतः नर्स. आणि ती म्हणत होती, मी काहीच केलं नाही. ते खरं होतं. तसंच ठरलेलं होतं. ते ठरलं त्या दिवशी मीही त्या खोलीत होतो.

आता या गोष्टीला दीड महिना झाला. मी काही लिहिणारा माणूस नाही. गांधीबागेत ठोक साड्यांच्या दुकानात तेहतीस वर्षं साड्या उघडून दाखवतो. पण सिस्टरांबद्दल जे मला ठाऊक आहे ते दुसऱ्या कोणाला ठाऊक असण्याची शक्यता कमी, म्हणून बसलो.

सिस्टरांची माझी ओळखही एका मरणातूनच झाली. आमचे शेठजी दुपारी बाराच्या सुमारास गादीवर लोडाला टेकून बसले होते. बोलता बोलता एका अंगावर कलंडले. दुकानात आम्ही सहा जण होतो. एकानं तोंडावर पाणी मारलं, एकानं तळवे चोळायला घेतले, एकानं आपल्या डब्यातला कांदा फोडून नाकाशी धरला. मी त्यांच्या मुलाला फोन लावत होतो. तो उचलत नव्हता, आणि मी तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत होतो. आतल्या बाजूला एक साठीच्या घरातल्या, पिकल्या केसांच्या बाई बहिणीबरोबर लग्नाच्या साड्या पाहत होत्या. आतल्या पंख्यांच्या घरघरीत त्यांना गलका उशिरा ऐकू गेला. त्या आल्या, "बाजूले व्हा" म्हणाल्या, शेठजींचे खांदे हलवले, नाकाजवळ गाल नेला आणि म्हणाल्या, "यायले गादीवरून खाली घ्या. फरशीवर." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शेठजींना जमिनीवर कसं घ्यायचं? तोवर त्यांनी गादीवरच एकदा दाबून पाहिलं आणि ओरडल्या, "गादी दबून राहिली ना, छाती कुठं दबते! उचला!"

मग फरशीवर त्या गुडघे टेकून बसल्या आणि दोन्ही हातांनी छाती दाबू लागल्या. मोजत मोजत, जोरात, साडीचा पदर कमरेला खोचून. अँब्युलन्स आली ती गल्लीच्या तोंडाशी अडकली. आमच्याकडे गठ्ठे वाहायची हातगाडी होती, तिच्यावर शेठजींना घातलं. बाई त्याच हातगाडीवर चढल्या आणि गल्ली संपेपर्यंत दाबत राहिल्या. दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या पायऱ्यांवर लोक उभे राहून पाहत होते. शेठजी वाचले नाहीत. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, सुरुवातीची मिनिटं वाया गेली. बाहेर बाकावर आम्ही सहा जण ओळीनं बसलो होतो. बाईंनी नळावर हात धुतले, पदरानं पुसले आणि आमच्यासमोर येऊन विचारलं, "तुमच्यापैकी हे कोणालेच येत नाही काय? शिकता काय?" मला वाटलं, रागानं विचारताहेत. पण पाचव्या दिवशी त्या खरोखरच दुकानात आल्या. खांद्यावर एक मोठी चेनची बॅग, आणि तिच्यात कमरेपर्यंतचा एक रबरी पुतळा. हात नाहीत, पाय नाहीत, तोंड किंचित उघडं. एका दवाखान्यात निकामी म्हणून टाकलेला. त्यांनी मागून आणून दुरुस्त केला होता. छाती नीट दोन इंच दबली की आतून 'टक्' असा आवाज यायचा. तो पाहून आमच्यातली दोन-तीन पोरं हसायला लागली. सिस्टर वाट पाहत उभ्या राहिल्या. हसणं थांबेना तेव्हा म्हणाल्या, "तुमचे शेठजी याच फरशीवर होते." मग कोणी हसलं नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा दाबलं. दहा-बारा वेळा दाबूनही 'टक्' वाजेना. मी म्हटलं, "जोर लावला अन् फासळी मोडली तर?" त्या म्हणाल्या, "मोडू द्या. फासळी जुळते भाऊ. मेंदू गेला तर जुळत नाही." नंतर हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलं, कारण हा प्रश्न प्रत्येक वर्गात कोणीतरी विचारतच असे.

त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि ती बॅग जड होती. दुकानाला रविवारी सुट्टी, माझ्याकडे स्कूटर. असं ते सुरू झालं. पुढं मी, मागं सिस्टर, मधे पुतळा. चेन अर्धी उघडी राहिली की त्याचं डोकं बाहेर यायचं. एकदा चौकात पोलिसानं थांबवलं, बॅगेत पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "हे कोण आहे?" सिस्टर म्हणाल्या, "आमचा पेशंट. रोज मरते, रोज जिवंत करतो." त्याला तिथंच, रस्त्याच्या कडेला, पाच मिनिटं शिकवून मगच आम्ही निघालो. ऑटो स्टँड, सोसायट्यांचे हॉल, मिहानमधल्या एका कंपनीची कँटीन, सावनेरकडच्या खाणकामगारांच्या वसाहती, शाळा... अकरा वर्षांत किती ठिकाणं झाली ते आम्ही कधी लिहून ठेवलं नाही. एका सोसायटीत एका काकूंनी पुतळ्याशेजारी गुडघे टेकायच्या आधी विचारलं, "रामटेके म्हणजे तुम्ही कोणत्या?" सिस्टर म्हणाल्या, "मी आयसीयूतल्या. या, हात ठेवा." काकूंनी हात ठेवला. परतताना मी त्याबद्दल काही बोलायला गेलो तर त्यांनी विषय बदलला.

दवाखान्यांमधूनही त्यांना नर्सना शिकवायला बोलावत. तिथं त्या फार कडक असत. अडाणी माणसाच्या दहा चुका त्या हसून दुरुस्त करायच्या. नर्स किंवा डॉक्टर चुकला की आवाज चढायचा. एक तरुण डॉक्टर कोपर वाकवून वर-वर दाबत होता. त्याला म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही कणीक मळून राहिले. घरी पोळ्या करायच्या आहेत काय?" सगळा वर्ग हसला. तो बिचारा लाल झाला. मग त्याला थांबवून घेऊन त्यांनी पाऊण तास त्याच्याकडून करवून घेतलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "एवढं काहून बोलता?" त्या म्हणाल्या, "बाहेरच्याले नाही आलं तर नाही आलं. याच्या अंगावर पांढरा कोट आहे. याच्या भरवशावर लोक बाजूले सरकतील."

मला स्वतःला हे एकदाच करावं लागलं. एका लग्नाच्या हॉलमध्ये नवऱ्या मुलाचे मामा जेवणाच्या रांगेत कोसळले. मी दाबलं, एक वाढपी आळीपाळीनं हाताशी आला, अँब्युलन्स लवकर पोचली, मामा वाचले. संध्याकाळी मी फुगून सिस्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या वाढप्याचं नाव काय?" मला ठाऊक नव्हतं. "विचारून या," म्हणाल्या. मी दुसऱ्या दिवशी गेलो, विचारून आलो. पुढच्या रविवारी तो वाढपी आमच्या वर्गात होता.

पण सिस्टरांबद्दल मला सांगायचं आहे ते सावनेरचं. तिथल्या एका शाळेत इंदू नावाची मदतनीस होती, तिशीतली. ती वर्गात सगळ्यांत मागं बसली होती आणि सगळ्यांत चांगलं तिनंच केलं होतं. तीन-चार महिन्यांनी शाळेच्या बाईंचा फोन आला. इंदूचा नवरा सकाळी अंगणात बैल सोडताना कोसळला. तिनं दाबायला सुरुवात केली. घर गावाबाहेर, अँब्युलन्स यायला वेळ लागला. पंचवीस मिनिटं ती एकटी दाबत होती. नवरा गेला. आणि आता सासू आणि भाऊबंद म्हणत होते की हिनं छाती चेपून त्याला मारलं.

त्या रविवारी आमचा दुसरीकडे वर्ग होता. सिस्टरांनी तो रद्द केला. तसं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. पुतळा घेतला नाही. आम्ही गेलो तेव्हा अंगणात खाटेवर सासू बसली होती, आणि इंदू आत दाराआड. सिस्टर खाटेवर बसल्या नाहीत. सासूच्या पायाशी जमिनीवर बसल्या.

"माय, मी नर्स आहे. हे मीच शिकवलं तुमच्या सुनेले," त्या म्हणाल्या. "राग करायचा तर माह्यावर करा."

सासू म्हणाली, "माह्या पोराच्या छातीचा कडाकडा आवाज आला. शेजारच्यायनं ऐकला."

"आला असन. माह्या हाताखाली पण आला आहे, कित्येक वेळा."

"मंग?"

"मंग काही नाही. तुमचा पोरगा पडला तेव्हाच निघाला होता, माय. त्या निघालेल्या माणसाच्या मागं ही पंचवीस मिनिटं धावली. एकटी. तुमच्या घरात दुसरं कोणी धावलं काय?"

मग सिस्टरांनी इंदूला हाक मारली, "इंदू, बाहेर ये वं. हात दाखव." ती आली. दोन्ही मनगटं सुजलेली होती, तळव्याच्या मुळाशी काळंनिळं झालं होतं. सिस्टरांनी ते हात सासूच्या मांडीवर ठेवले आणि आपण बाजूला झाल्या. म्हातारीनं त्या हातांकडे पाहिलं. मग तिनं एका हातावरून अंगठा फिरवला... एवढंच. माफी नाही, रडणं नाही. पण मग ती उठली आणि आत जाऊन चहा ठेवला, आणि पहिला कप सुनेला दिला.

निघताना इंदू स्कूटरपर्यंत आली. म्हणाली, "सिस्टर, मी थांबायले कधी पायजे होतं? अँब्युलन्सवाल्यायनं मले ओढून बाजूले केलं. माहे हात थांबतच नव्हते." सिस्टरांनी तिची सुजलेली मनगटं हातात घेतली. म्हणाल्या, "ते मी शिकवलंच नाही तुले. चुकलं माहं."

परतीच्या रस्त्यावर कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या तेव्हा मागून आवाज आला, "विलासभाऊ, आपण लोकायले सुरू करणं शिकवतो अन् घरी येतो." त्यानंतर प्रत्येक वर्गाची शेवटची पाच मिनिटं थांबण्यासाठी असायची. माणूस हलला, श्वास घेऊ लागला तर थांबायचं. अँब्युलन्सवाल्यांनी हाती घेतलं तर थांबायचं. आणि तुमच्या अंगातली ताकद संपली तरी थांबायचं. त्यानंतर स्वतःला गुन्हेगार समजायचं नाही. हे शेवटचं सांगताना त्या पुतळ्याकडे पाहत नसत, समोरच्या माणसांकडे पाहत.

गेल्या वर्षी पाठ दुखते म्हणून दाखवायला गेल्या तर कॅन्सर निघाला, तोही हाडांपर्यंत पोचलेला. त्यांनी रिपोर्ट स्वतः वाचला. डॉक्टरांना फक्त दोन प्रश्न विचारले: दुखणं किती कमी करता येईल, आणि घरी राहता येईल का. मधले काही महिने बरे गेले. त्या खुर्चीवर बसून शिकवत, गुडघे मी टेकत असे. मग तेही थांबलं. एका दुपारी त्यांनी मला इंदोऱ्याच्या घरी बोलावलं. पलंगाशेजारी प्रज्ञा उभी होती, हातात एक कागद. माझं हृदय बंद पडलं तर छाती दाबू नये, नळ्या घालू नयेत, दवाखान्यात हलवू नये, असं त्यावर सिस्टरांच्या अक्षरात लिहिलेलं. त्यांच्या डॉक्टरांशी बोलणं झालं होतं. प्रज्ञाची आणि माझी सही हवी होती.

प्रज्ञा म्हणाली, "साऱ्या दुनियेले दाबायले शिकवलं, अन् मले हात बांधून उभी राह्य म्हणतेस?"

"दुनियेचं हृदय अचानक बंद पडते, प्रज्ञा. माहं थकून बंद पडन. दोन्ही एक नाहीत."

"मी नाही करणार सही. मी नर्स आहे."

"म्हणूनच तुले विचारून राहिली. दुसरीले समजलं नसतं."

प्रज्ञा बाहेर निघून गेली. मी खिडकीबाहेर पाहत बसलो. थोड्या वेळानं ती आली, तशी सिस्टरांनी तिचा हात धरला, आपल्या छातीच्या मधल्या हाडावर ठेवला आणि म्हणाल्या, "दाब. अगदी हळू." तिनं कणीक भिजली का पाहावं इतकं हलकं दाबलं असेल. सिस्टरांचा चेहरा पांढरा पडला, डोळे मिटले गेले. प्रज्ञानं हात काढला. पेन घेतला आणि सही केली. मग मी केली. मग त्या दोघींनी काय खायचं यावर भांडण केलं आणि मी निघालो.

त्या गेल्या त्या सकाळचं प्रज्ञानं मला असं सांगितलं. आठ वाजता दोन चमचे चहा घेतला. श्वासांमधलं अंतर वाढत होतं. नऊच्या आसपास एक श्वास गेला आणि पुढचा आला नाही. तिनं वाट पाहिली. आला नाही. आणि तिला कळायच्या आत ती पलंगावर गुडघा टेकून होती, दोन्ही तळवे आईच्या छातीवर एकावर एक ठेवलेले, कोपर ताठ. "मी बसली कधी, हात ठेवले कधी, मले नाही आठवत, काका. माहे हातच गेले." किती वेळ तशी होती ते तिला सांगता आलं नाही. दाबलं मात्र नाही. तळव्याखाली सगळं शांत झाल्याचं कळेपर्यंत हात तसेच ठेवले. मग काढले. आईचे केस सारखे केले, उशाशी बसून राहिली, आणि साडेदहाला मला फोन लावला. "बरोबर केलं ना मी?" तिनं विचारलं. मी "हो" म्हटलं. पण मी म्हटल्यानं तिचं समाधान झालं नाही हे दिसत होतं. माझी सही होती त्या कागदावर. मी दुसरं काय म्हणणार होतो?

अंत्ययात्रेला बरेच लोक होते. ऑटोवाले, नर्स, पांढऱ्या साड्यांतल्या वस्तीतल्या बाया. भंतेजींनी वंदना घेतली. इंदू सावनेरहून सासूला घेऊन आली होती. दोघी शेवटपर्यंत एकत्र उभ्या होत्या. मी पुढच्या सोमवारपासून दुकानात जाऊ लागलो.

सिस्टरांच्या घराची पुढची खोली मोठी आहे आणि तिच्यात सामान जवळजवळ नाही. गुरुवारी दुपारी वस्तीतल्या बाया तिथं शिकायला यायच्या. आजारपणात तो वर्ग बंदच पडला होता. परवा गुरुवारी मी प्रज्ञाला काही कागद द्यायला गेलो तर दारात सात-आठ जोडी चपला. आत बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोणी बोलावलं नव्हतं. एक म्हणाली, "गुरुवार आहे ना, म्हणून आलो." प्रज्ञा ड्युटीवरून नुकतीच आली होती, अजून युनिफॉर्ममध्येच. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन पुतळा आणला आणि खोलीच्या मध्यभागी ठेवला.

तिनं आईसारखं शिकवलं नाही. ती भराभर बोलते, मधे थांबत नाही. पण शेवटची पाच मिनिटं तिनं ठेवली. थांबायच्या तिन्ही वेळा सांगितल्या, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, "अन् ज्या माणसानं आधीच नको म्हटलं आहे, लिहून दिलं आहे, तिथं सुरूच नाही करायचं." एवढं बोलून ती खाली बघू लागली. बायांत एक म्हातारी होती, पासष्टीची, भाजीचा ठेला लावणारी. ती पहिल्यांदाच आली होती. तिनं सरळ विचारलं, "सिस्टरले कोणी दाबलं काय मंग?"

"नाही, मावशी," प्रज्ञा म्हणाली. "तिनं नको म्हटलं होतं. मी नाही दाबलं."

म्हातारीनं थोडा विचार केला. "लय जड गेलं असन वं तुले," ती म्हणाली. "पण बरं केलं तू." मग दोन्ही हात जमिनीला लावून ती सावकाश पुढे सरकली, पुतळ्याशेजारी गुडघ्यांवर बसली, पदर खोचला आणि प्रज्ञाकडे पाहून म्हणाली, "हं, सांग आता. कुठं ठेवू हात?"